डाळिंबी खूण

"इंजिनातली चेन सैल पडलीय, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "सकाळी गाडी चालू करताना खडखडते ना, ती हीच. आता नाही बदलली तर एक दिवस दात सोडेल, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील, आणि इंजिनाचा निकाल लागेल."

नवऱ्याला आतून गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र त्याने सुतकी ठेवला.

"मग कशाला उगाच खर्चात पडायचं?" तो बायकोकडे वळला. "देऊन टाकू भंगारात. नवी घेऊ."

"चेन बदला," बायको मेकॅनिकला म्हणाली.

झालं! म्हणजे पुन्हा हेच धूड. गाडी तिच्या पहिल्या नवऱ्याची. तो गेला, गाडी राहिली. आता ती चालवायचा हा दुसरा, आणि स्टिअरिंगमागे बसलं की दर वेळी त्याला वाटायचं, आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय. त्यात त्या पहिल्याला ती अरे-तुरे करायची, ह्याला मात्र 'अहो'. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं. मेलेल्याशी काय कपाळ भांडणार?

इंजिनाचं पुढचं झाकण निघालेलंच होतं. मेकॅनिकने चेनच्या वरच्या दातेरी चाकावरून अंगठा फिरवला आणि थबकला.

"अरेच्चा! इथे आधी कुणीतरी हात घातलाय. चेन कुठे बसवायची त्याची कंपनीची खूण झिजली म्हणून स्वतःची केलीय. आणि रंग नाही हां हा, नेलपॉलिश! डोकेबाज माणूस."

बायको वाकून बघू लागली. काळ्या तेलातून डाळिंबी रंगाचा एक टिपका डोकावत होता. आणि ती हसली. चांगली खळखळून हसली, गॅरेजातली दोन माणसं वळून बघतील इतकी.

"माझं आहे ते! नवीकोरी बाटली, मी उघडलीसुद्धा नव्हती. रविवारभर गाडीखाली लोळला, आणि वर मलाच म्हणतो, तुझ्या नखांपेक्षा इथेच शोभतंय! कितीतरी दिवस बोलले नव्हते मी त्याच्याशी."

नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई नेलपॉलिश लावायची? त्याने तर तिची नखं कायम कोरीच पाहिली होती. मागे एकदा हौसेने आणून दिलं, तर म्हणाली, "आता ह्या वयात कुठे, अहो!" बाटली अजून कपाटात तशीच पडून होती.

"मी समोरून नवी चेन घेऊन येतो," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "तेवढं त्या खुणेला कुणी हात लावू नका. तिच्याच हिशोबाने बसवायचंय सगळं. ती गेली तर माझी पंचाईत होईल."

तो रस्ता ओलांडून गेला. बायको दाराशी स्टुलावर जाऊन बसली, अजूनही गालातल्या गालात हसत. ते हसणं नवऱ्याला बघवेना. बाजूला रॉकेलचा डबा होता. त्याने फडकं बुचकळलं आणि इंजिनात हात घातला.

आधी हळू घासलं, मग जोर लावून. बोटांची सालं निघाली, बाही कोपरापर्यंत काळी झाली. आपण गाढवपणा करतोय हे त्याला कळत होतं, लाजही वाटत होती. पण हात काही थांबेना. मत्सर असा घशाशी आला होता की थुंकून टाकता येत नव्हता. आणि टिपका? तो ढिम्म. उलट आजूबाजूचं काळं तेवढं निघालं, आणि तो मेला काल लावल्यासारखा लखलखू लागला.

अंगावर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. बायको उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिने फडक्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. हसू मावळलं होतं. राग मात्र कुठे दिसेना, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं.

तिने पर्स खांद्याला लावली.

"रॉकेलने नाही जायचं ते," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानात रिमूव्हर मिळतं. आणून देऊ का?"