कपाटातली हजेरी

ही गोष्ट खरी मानू नका, दमयंतीनंही मानली नव्हती. पडेगावकडच्या एका शाळेतली अठरा मुलं टॅबवर कशी शिकतात, यावर चार वर्षं संशोधन करून ती पार शिणली होती. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

वर्ग रिकामा बघून तिनं दारातल्या वैजनाथ सरांना विचारलं, "मुलं कुठंयत?"

"ऊसतोडीला गेली की, दिवाळीपासूनच."

"मग माझ्या प्रश्नांना टॅबवरून रोज उत्तरं येतात ती कुणाची?"

सर ओशाळले. "मीच भरायचो, मॅडम. तुमचं काम अडू नये म्हणून. पण पंधरा दिवसांखाली टॅब वर्गातल्या त्या कपाटात कोंडले. ही किल्ली."

चार वर्षांची माती झाली म्हणत दमयंतीनं बाकावर बसून लॅपटॉप उघडला. या मिनिटालाही उत्तरं येत होती.

"सर, पुरे करा की आता!"

"अवं, मी तुमच्यासमोर दारात उभा हाय!"

तिनं थकल्या बोटांनी नवा प्रश्न पाठवला: आत्ता वर्गात किती जण आहात?

कुलूपबंद कपाटात बारीक टकटक झाली. अठरा उत्तरं एकदम आली, अक्षरन् अक्षर सारखी.

"मॅडमना धरून एकोणीस."