शनिवारचा चहा

साबणाच्या छोट्या कारखान्यात नव्या मालकीणबाई आल्या आणि जागेचा नूरच पालटला. पाठ टेकायला खुर्च्या आल्या, डोक्यावर पंखे लागले आणि दर शनिवारी काम थांबवून बारा जणींचा एकत्र चहा सुरू झाला. "इथं मन मोकळं करायचं, आपण घरचीच माणसं," बाई म्हणायच्या.

पॅकिंगवाल्या मावशींनी पहिले दोन शनिवार नुसतं हसून वेळ मारून नेली. तिसऱ्या शनिवारी मात्र त्यांचा बांध फुटला. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी अजून शाळेत, कमावणारं दुसरं कुणी नाही. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, स्वतःचेही डोळे पुसले.

"वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं," त्या संध्याकाळी मावशी नवऱ्याला म्हणाल्या.

सोमवारी बाईंनी मावशींसह तिघींनाच मागच्या खोलीत नेलं. तिथं कॉस्टिक सोड्याचं काम चालायचं. गेल्या महिन्यात तो सोडा उडून तिथल्या कारागिराचा डोळा गेला होता. त्याच्या जागी आलेला दोन दिवसांत पळाला होता.

"उद्यापासून हे तुमच्याकडे," बाई म्हणाल्या.

मावशींनी शेजारी पाहिलं. एक आजारी सासूला एकटीनं सांभाळणारी विधवा, दुसरी नवऱ्यानं घराबाहेर काढलेली. दोघीही चहाच्या वेळी अशाच रडल्या होत्या.

"पण बाई, आम्हीच का?"

बाईंनी मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.



"बाकीच्या नोकरी सोडून जातील हो, मावशी. तुम्ही तिघी नाही जाणार."