दोनशे ग्रॅमचं वजन

चेंडू पुन्हा उजवीकडंच गेला.

सारवलेल्या अंगणात पुरलेला स्टीलचा गिलास जागच्या जागी, अन् चेंडू त्याला वळसा घालून तुळशीच्या ओट्यापाशी. आदर्शनं हातातला पटर भिंतीला टेकवला. चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायची ती गोल्फची काठी. तिच्याकडं न पाहताच तो म्हणाला, "बाबा, माह्या हातातच खोट हाय. सोमवारी पुण्याले जातो, गोडाऊनच्या कामावर."

दौलतरावांनी पटर उचलून घेतला. कामरगावात त्यांचं वेल्डिंगचं दुकान. तो पटर त्यांच्याच हातचा.

नागपूरच्या मैदानावर आदर्श दहा वर्षं साहेबांच्या काठ्या वाहत होता अन् त्यांच्याहून सरस खेळत होता. पण आई, आवडाबाई, वारली आणि त्याचा हात थरथरू लागला. खळगा दोन हातांवर आला की मनगट दगा देई. दोन्ही टोकांना वजन असलेला पटर घे, असं कुणीतरी सुचवलं. ठोका थोडा चुकला तरी तो हातात फिरत नाही म्हणे. दुकानातला परवडणारा नव्हता. दौलतरावांनी लोखंडाची पट्टी कापली आणि टोकांना आवडाबाईच्या भाजीच्या तराजूची दोन वजनं बसवली, दोनशे-दोनशे ग्रॅमची. वजनांच्या बुडात शिसं असतं, वेल्डिंगच्या आचेनं ते वितळेल, म्हणून क्लिपांनी आवळली. "तुह्या मायचा हात राहीन याच्यावर," ते म्हणाले होते.

मैदानावर हसू झालं. कोणी फावडं म्हणालं, कोणी कुबडी. सोबतचा धरमसिंग म्हणाला, "अबे, यानं तं मेथी बी जोखता येईन!" एका म्हाताऱ्या मेजरसाहेबांनी मात्र तो तोलून पाहिला. "दिसायला ओंगळ, पण इमानी. दोन्ही टोकं सारखी असली, की असला पटर दगा देत नाही."

काठ्या वाहणाऱ्यांची स्पर्धा झाली. जिंकणाऱ्याला मैदानावर शिकवायची नोकरी होती. शेवटचा ठोका, दोन हात अंतर. हात थरथरला नाही. चेंडू उजवीकडं गेला.

आदर्श बॅग भरायला आत गेला. दोन्ही टोकं सारखी आहेत का, ते पाहायला दौलतरावांनी पटरच्या क्लिपा सोडल्या. आवडाबाईचा तराजू दाराच्या कडीला अडकवला.

बाजारात तिच्या मापाची आण घेत लोक. भाजी जोखताना ती गुणगुणायची:

दांडी धरते सरळ, माह्या पारड्यात न्याव
लेकराले माह्या देवा, सरळ वाटेनं न्याव

ज्या उन्हाळ्यात आदर्शला स्वतःची पहिली गोल्फची काठी हवी होती अन् पैसे पुरत नव्हते, त्या उन्हाळ्यात ती विळ्याच्या टोकानं वजनाचं बूड कोरत बसायची. "काय करून राह्यली वं?" दौलतरावांनी एकदा विचारलं होतं. "माती भरली वजनात, काढून राह्यले. माप कसं चोख पाह्यजे." असं माणूस घरात आहे, म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता.

त्यांनी एकेका पारड्यात एकेक वजन ठेवलं.

दांडी कलली.

पारडी झाडून पाहिली. वजनांची अदलाबदल केली. दांडी दुसरीकडं कलली. हलकं वजन त्यांनी उलटं केलं. बुडात शिसं नव्हतं, सरकारी छाप नव्हती. भोकात डांबर दाबून बसवलेलं होतं, वरून माती चोळलेली.

दुसऱ्या वजनाचं शिसं तसंच होतं, छापेसकट. त्याला विळा लावताना तिचा हात धजला नसावा. दोन्ही कोरली असती, तरी चेंडू सरळ गेला असता.

"काय पाहून राह्यले, बाबा?"

आदर्श दारात उभा होता. दौलतरावांनी हलकं वजन खिशात सरकवलं.

"तुह्या हातात खोट नोती रे. माह्यानंच चुकलं. एका अंगाची पट्टी जाड कापली गेली."

आदर्शनं आधी स्वतःचे तळवे पाहिले. उलटसुलट करून पाहिले, जसे कुणा दुसऱ्याचेच. मग बापाकडं पाहिलं.

"तराजू घरातच होता, बाबा. एकदा जोखून पाहाचं होतं. माय असती तं तिनं पाह्यलं असतं. तिच्या मापात कधी फरक पडला का?"

दौलतरावांची मूठ खिशात आवळली.

"नाही रे पोरा," ते म्हणाले. "कधीच नाही."