चिमणीची वाकडी चित्रं

“चिमणीच्या फिल्ममध्ये पुन्हा कुणीतरी हात घातलाय,” बाई शिपाईमामांना म्हणाल्या. “काल कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप कुणी लावलं होतं?”

“मीच. ओढूनसुद्धा पाहिलं.” मामांनी झाडू भिंतीला टेकवला. “एक किल्ली माझ्याकडे, एक ऑफिसात. आता भुतंच चित्रं काढायला लागली तर आपण काय करणार?”

मामा हसले. बाई हसल्या नाहीत.

पडद्यावरची मुलगी, चिमणी, बाकावरून उठत होती. इथपर्यंतची चित्रं ओळखीची, एकामागून एक नीट जुळलेली. हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर मोठं गुणी. आधीचं चित्र खाली फिकट दिसत राहतं, त्याच्यावर पुढचं काढायचं, हात केसभर पुढे, पाय केसभर पुढे. मग सगळी चित्रं भराभर फिरवली की माणूस चालायला लागतं. चिमणी उठून फळ्याकडे जायची, असं ठरलेलं होतं. आज ती फळ्याकडे गेलीच नाही. ती दाराकडे वळली. आणि वळतानाची चित्रं नुसती गिचमिड! रेघ थरथरती, एक पाय लांब, दुसरा आखूड.

“हे कुणी केलं?” बाईंनी खोलीला विचारलं.

कुणी हूं की चूं केलं नाही. गोट्या आपल्या कोपऱ्यात पेन्सिल चावत होता, बडबड्यासुद्धा आज गप्प होता. बाईंनी सुस्कारा सोडला. वाकडी चित्रं पुसून टाकली, चिमणीला पुन्हा बाकावर बसवलं, हनुवटी वर करून तिची मान सरळ केली.

“कुठे निघालीस गं? वर्ग सुटला का?”

चिमणी काही बोलली नाही. ती पहिल्यापासूनच मितभाषी.

दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. सर कधी आवाज चढवत नसत, पण एकदा बोलले की काळ्या दगडावरची रेघ.

“बाई, शनिवारी ती खोली रिकामी करायची. बाकीच्या वर्गांनाही कॉम्प्युटर हवेत.”

बाई टेबलाजवळ सरकल्या. “सर, पोरं अजून तिसरीत आहेत हो. चौथी तरी होऊ द्या त्यांची. मग मी एका शब्दानं अडवणार नाही.”

“याला शिकवणं म्हणत नाहीत.”

“तसं पालकांना सांगून बघा! दर महिन्याला न चुकता येतात, पोरांची प्रगती बघतात. गोट्याचे बाबा परवा म्हणाले, ह्याला जरा उंच काढा, आमच्यात सगळे उंच आहेत. आईनं तर डोळ्याला पदर लावला. कौतुक असतं लोकांना.” बाईंना राहवेना. त्या सरांकडे रोखून बघत म्हणाल्या, “एका घरून मात्र आजवर कुणी फिरकलं नाही.”

सर चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

“शनिवारी,” ते म्हणाले.

बाई तरातरा बाहेर पडल्या. माणूस आहे की दगड! ह्या वर्गासाठी त्यांनी रक्ताचं पाणी केलं होतं. कुणाची चाल कशी, कोण डावखुरं, कोण हसताना तोंडावर हात ठेवतं, सगळं त्यांना पाठ होतं. हे असं अर्ध्यावर मोडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चिमणी दाराशी पोचली होती. पाठीला दप्तर होतं. दप्तर बाईंनी काढलेलं नव्हतं. एक हात कडीपर्यंत गेला होता, पाचही बोटं सारखी, काड्यांसारखी, एखाद्या मुलानं काढावीत तशी.

बाई खुर्चीत मटकन बसल्या. एक वेडा विचार मनात आला आणि जाता जाईना. हे चिमणीच करत असेल तर? भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली थोडा आनंदही झाला. पण सरांच्या कानावर गेलं असतं, तर शनिवारपर्यंतसुद्धा थांबले नसते. बाईंनी गुपचूप सगळं पुसलं. चिमणी पुन्हा बाकावर.

पुढच्या दिवशी मामा फाटक उघडायच्या आधीच बाई मागच्या दारानं आत शिरल्या. शाळा एकदम सुनसान. चपला हातात घेऊन त्या जिना चढल्या. कुलूप कडीला नुसतं लोंबकळत होतं. आतून पडद्याचा उजेड येत होता. बाईंनी दार लोटलं.

पडद्यासमोर सर बसले होते. पडद्यावर चित्र काढायचं पेन मुठीत आवळून धरलं होतं.

“सर? तुम्ही?”

सर दचकले नाहीत. “खडू धरायची सवय. हे पेन काही केल्या हातात बसत नाही,” ते म्हणाले. “पाय तर जमतच नाहीत मला.”

“म्हणजे हे सगळं तुम्ही... आणि मला वाटलं...” बाईंचा संताप उसळला. “आणि वर मलाच म्हणता खोली रिकामी करा?”

“मग काय म्हणू? मी रोज तिला दारापर्यंत आणतो. तुम्ही रोज तिला उचलून परत बाकावर बसवता.”

“पण नेताय कुठे तिला?”

“घरी.” सरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. “सहलीची बस नदीत गेली, त्या दिवसापासून तिची आई दाराला कडी घालत नाही. तुमचा अख्खा वर्ग गेला, बाई, मला कळतं ते. बाकीच्या पोरांना तुम्ही खुशाल चौथीत न्या. माझी लेक तेवढी सोडा.”