चार सेकंदांत उत्तर

अंदाजपत्रकाच्या बैठकीत संचालकसाहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर नवं एआय सुरू केलं, तेव्हा रुग्णालयाचे संगणक सांभाळणारी बाई टेबलाच्या टोकाला दातओठ खात बसली होती. तीनच दिवसांपूर्वी चोरट्यांनी संगणकात शिरून साडेचार हजार रुग्णांचे अहवाल पळवले होते आणि इंटरनेटवर उघडे टाकले होते. नावानिशी, आजारानिशी. अहवाल सुरक्षित ठेवायची यंत्रणा ती दोन वर्षं मागत होती. दोन्ही वर्षी अंदाजपत्रकातून तिचंच कलम आधी उडालं.

"चोरीचं बघू सावकाश," साहेब म्हणाले. "सगळं जग एआयच्या मागे धावतंय, आपलं हसं व्हायला नको. हे बघा, रुग्णांचे खरे निरोप येतायत आणि हा गडी एकटा उत्तरं देतोय."

पडद्यावर एक फोन नंबर आला आणि त्याखाली निरोप उमटला. 'माझा अहवाल दिराने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. सकाळपासून बाहेरच बसलेय. आता घरी कशी जाऊ?'

लगेच उत्तर आलं. 'घरी जाण्यासाठी आमची वाहनसेवा चोवीस तास उपलब्ध आहे. कृपया पत्ता कळवा. आपला दिवस आनंदात जावो!' शेवटी एक पिवळं फूल.

"चार सेकंद!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. लेखाधिकाऱ्यांनी तोंडातलं बिस्किट न गिळताच टाळ्या वाजवल्या. भुगा कागदांवर उडाला.

बाईने पडद्याकडे बोट केलं.

"साहेब, तिने काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"आपण वाचायचं कशाला?" साहेब मनापासून हसले. "वाचायला लागू नये म्हणूनच तर घेतलं ना हे!"

सगळे हसले. बाईने पडद्यावरचा नंबर तळहातावर उतरवून घेतला आणि खुर्ची मागे सारली. "अहो, अजून पुढच्या वर्षाचे आकडे राहिलेत," मागून कोणीतरी म्हणालं. तिने दार ओढून घेतलं.

बाहेर जिन्यात उभं राहून तिने फोन लावला. पलीकडे रस्त्याचा गोंगाट होता.

"रुग्णालयातून बोलतेय. तुमचे कागद आम्ही नीट सांभाळले नाहीत. चूक आमची आहे."

पलीकडून एक थकलेला आवाज आला.

"साधं कुलूपसुद्धा नव्हतं का हो?"