पाचातून एक

निजामाचं राज्य गेलं, तशी शाळेत चित्रांची पुस्तकं आली. माझ्या नातीच्या, शरयूच्या वजाबाकीच्या पुस्तकात फांदीवर पाच पोपट होते. ती एकावर अंगठा ठेवून म्हणायची, “पाचातून एक गेला, चार.” अंगठा उचलला की तिथला कागद कोरा.

“थुंकी लावून पुसून राह्यली का गं?” मी पुस्तक हिसकावलं. “मी कोणतं पुस्तक वाचून मोजायला शिकले? घरातली पाच माणसं मोज!”

सून सुहासिनी चुलीपुढून म्हणाली, “आत्याबाई, माणसं मोजू न्हाईत.”

“तू भाकरी थाप गुमान.”

शरयूनं एक डोळा मिटला, आईच्या दिशेनं अंगठा धरला. “पाचातून एक गेली, चार.”

अंगठा खाली आला.

परातीत अर्धी थापलेली भाकरी होती, तिच्यावर बोटांचे ओले ठसे. तव्यावरची करपू लागली.

“बराबर आलं ना, आजी?”