शंभर गुणांचं हेल्मेट

माणसाची खरी लायकी रस्त्यावरच कळते, हे कंपनीनं एकदाचं ओळखलं आणि बढत्या ठरवायचं काम सगळ्यांना वाटलेल्या स्मार्ट हेल्मेटकडे सोपवलं. घरापासून गेटपर्यंत हेल्मेट चुका टिपायचं आणि गुण कापायचं.

सुपरवायझरच्या जागेसाठी खटावकर रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबला, मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या, तरी गुण ब्याण्णवच. त्याच्याच खात्यातल्या डबक्यांना मात्र सलग सहा महिने शंभर! त्यांचं एकही ओरखडा नसलेलं हेल्मेट दिसलं की खटावकरच्या पोटात दुखायचं.

डबक्यांनी बढतीचे पेढे पुढे केले, तेव्हा त्याला राहवलं नाही. “डबके, खरं सांगा, हॉर्नसुद्धा वाजवत नाही?”

“कसला हॉर्न, राव? हेल्मेट मांडीवर घेऊन मी बसनं येतो. गाडी कुठं चालवता येते मला?”